आपल्या नळाचं पाणी आणि त्यामागचं रसायन



दरवर्षी जुलैच्या सुमारास पाणी कंपनीचा वार्षिक अहवाल येतो. पूर्वी तो टपालाने यायचा, आता बहुतेक घरी फक्त त्याची लिंक येते. अमेरिकेतल्या प्रत्येक सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थेला १९९९ पासून असा अहवाल ग्राहकांना द्यावाच लागतो. त्यात कोष्टकं असतात, 'पीपीबी' आणि 'पीपीटी' असतं, ट्रायहॅलोमिथेनसारखी तोंडात न मावणारी नावं असतात. आपल्यापैकी बरेचजण पहिलं पान बघून तो बाजूला ठेवतात.

वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, प्रिन्स्टन परिसरातली आपली बरीच मुलं रटगर्स, एनजेआयटी किंवा आणखी कुठे सिव्हिल आणि एन्व्हायर्नमेंटल इंजिनीयरिंग शिकतात. त्यांचा 'वॉटर केमिस्ट्री' हा विषय पहिल्या दोन आठवड्यांत पीएच आणि समतोलाच्या गणितांत असा काही अडकतो की हे सगळं कशासाठी चाललंय तेच कळेनासं होतं. म्हणून या लेखात त्या विषयाची मूळ तत्त्वं आपल्याच नळाच्या पाण्याच्या आधाराने मांडायचा प्रयत्न केला आहे. विद्यार्थ्यांना अभ्यासाला उपयोग होईल आणि पालकांना तो अहवाल वाचता येईल, असा दुहेरी हेतू आहे.

हे पाणी येतं कुठून?

वेस्ट विंडसरमध्ये नळाचं पाणी न्यू जर्सी अमेरिकन वॉटर ही कंपनी पुरवते. हे मुख्यतः नदीचं पाणी. रॅरिटन आणि मिलस्टोन या दोन नद्या आणि डेलावेअर-रॅरिटन कालवा हे त्याचे प्रमुख स्रोत. रॅरिटन आणि मिलस्टोन जिथे मिळतात, तिथे ब्रिजवॉटरला कंपनीचं मोठं शुद्धीकरण केंद्र आहे. उन्हाळ्यात नदी आटली की स्प्रूस रन आणि राउंड व्हॅली या जलाशयांतून रॅरिटनमध्ये पाणी सोडतात. राउंड व्हॅलीत सुमारे ५५०० कोटी गॅलन पाणी मावतं. ज्या कालव्याच्या काठाने आपण रविवारी फिरायला जातो, तो १८३४ मध्ये बोटींसाठी पूर्ण झाला. बोटी १९३२ मध्ये बंद झाल्या, पण डेलावेअर नदीचं पाणी तो अजूनही वाहून आणतो आणि मध्य जर्सीतल्या लाखो लोकांना पुरवतो.

आता एक गंमत बघा. वेस्ट विंडसरचं सांडपाणी प्रिन्स्टनमधल्या स्टोनी ब्रुक केंद्रात जातं, तिथे शुद्ध होतं आणि मिलस्टोन नदीत सोडलं जातं. मिलस्टोन उत्तरेला वाहत जाऊन रॅरिटनला मिळते, म्हणजे वर सांगितलेल्या शुद्धीकरण केंद्रापाशीच. थोडक्यात, आपण मोरीत सोडलेल्या पाण्याचा काही अंश, नदीच्या पाण्यात मिसळून आणि दोनदा शुद्ध होऊन, पुन्हा आपल्याकडे येतो. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. नदीकाठची सगळी गावं हेच करतात. कृष्णेकाठी वरच्या गावाचं सांडपाणी खालच्या गावाच्या पाणवठ्यात येतंच. प्रश्न इतकाच की मधलं रसायनशास्त्र कोणी नीट सांभाळतं की नाही.

मोजमापाची भाषा

पहिल्यांदा एककं समजून घेऊ. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम पदार्थ म्हणजे १ पीपीएम, दहा लाखांत एक भाग. त्याच्या हजाराव्या हिश्श्याला पीपीबी आणि त्याच्याही हजाराव्या हिश्श्याला पीपीटी म्हणतात.

नुसते आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून गावाकडचा पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर आणा. टँकर दहा हजार लिटरचा आहे असं धरू. त्यात १० ग्रॅम मीठ टाकलं, म्हणजे दोन चमच्यांहूनही कमी, तर झालं १ पीपीएम. न्यू जर्सीत आर्सेनिकची मर्यादा ५ पीपीबी आहे. अख्ख्या टँकरमध्ये ती भरते फक्त ५० मिलिग्रॅम, चिमटीतसुद्धा नीट धरता येणार नाही इतकी. पीपीटीमध्ये तर टँकरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाचा हिशेब चालतो.

दुसरी अडचण 'कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात' या शब्दांची. अहवालात हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, असा लिहितात. पाण्यात कॅल्शियम वेगळं असतं, मॅग्नेशियम वेगळं. दोघांची बेरीज करायची तर आधी एका नाण्यात आणावं लागतं. रुपये आणि डॉलर जसे थेट मिळवता येत नाहीत, तसंच. कॅल्शियमचा आकडा २.५ ने गुणायचा आणि मॅग्नेशियमचा ४.१ ने. समजा लिटरला कॅल्शियम २८ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम ९ मिलिग्रॅम आहे. मग ७० अधिक ३७, म्हणजे जडपणा १०७. वॉटर सॉफ्टनर विकणारा माणूस 'ग्रेन'मध्ये बोलतो. १ ग्रेन म्हणजे लिटरला १७.१ मिलिग्रॅम, म्हणून हेच पाणी साधारण ६ ग्रेनचं. इतकं गणित करता आलं तरी विक्रेत्याशी बरोबरीने बोलता येतं.

जड पाणी आणि तुरीची डाळ

मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या धरणांमधलं, पावसाचं साठवलेलं, म्हणून हलकं. डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो. तेच मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या बोअरवेलच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. कारण डाळीच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियमशी जोडलं गेलं की आणखी घट्ट होतं. आई छोल्यांत चिमूटभर खायचा सोडा घालायची, कारण सोड्याने पाण्याचा पीएच वाढतो आणि पेक्टिन सैल पडतं. पाठ्यपुस्तकातला एक धडा आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालू होता, इतकंच.

सॉफ्टनर जडपणा काढतो, पण फुकट नाही. तो कॅल्शियम घेतो आणि त्या बदल्यात सोडियम देतो. १०० चा जडपणा काढला की लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. एक चमचा मिठात सुमारे २३०० मिलिग्रॅम सोडियम असतं, त्यामानाने हे थोडंच. तरीही भारतातून आलेल्या आई-वडिलांना डॉक्टरांनी मीठ अगदी तोलून सांगितलं असेल, तर स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ सॉफ्टनरमधून न आणलेला बरा.

पीएच : हळद आणि कुंकू

पीएच म्हणजे पाणी किती आम्ल आणि किती अल्कली आहे याचं माप. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ही मोजपट्टी सरळ नाही. एक पायरी म्हणजे दहापट फरक, दोन पायऱ्या म्हणजे शंभरपट. 'पीएच ९ वरून ७ वर आला' हे वाक्य ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाण्याच्या दृष्टीने ती उलथापालथ असते. पुढे याचं उदाहरण येणार आहे.

पीएच दाखवणारं द्रव्य आपल्या देवघरातच आहे. हळदीला चुन्यासारखं अल्कली लागलं की ती लाल होते. पारंपरिक कुंकू असंच करत. शर्टावर पडलेला आमटीचा डाग साबण लावताच लालसर होतो तोही याच कारणाने. नळाच्या पाण्याने हळद सहसा लाल होत नाही, कारण रंग बदलण्याइतकं ते अल्कली नसतं. मुलांना सायन्स प्रोजेक्टला याहून स्वस्त विषय मिळणार नाही.

क्षारता म्हणजे पाण्याची गंगाजळी

विद्यार्थ्यांचा सर्वात जास्त गोंधळ होतो तो इथे. पीएच आणि क्षारता, म्हणजे अल्कलिनिटी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएच सांगतो पाणी या क्षणी कसं आहे. क्षारता सांगते आम्ल टाकलं तर ते किती पचवू शकेल. पीएच हा खिशातला पैसा धरला, तर क्षारता ही बँकेतली शिल्लक.

ही शिल्लक मुख्यतः बायकार्बोनेटची असते. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि तीन रूपांत राहतो. पीएच ६.३ च्या खाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त, ६.३ ते १०.३ च्या दरम्यान बायकार्बोनेट जास्त, त्याच्यावर कार्बोनेट. पिण्याचं पाणी नेहमी मधल्या पट्ट्यात असतं, म्हणून बायकार्बोनेट हाच आपला मुख्य गडी. आम्ल आलं की तो ते स्वतःवर घेतो आणि पीएच फारसा हलत नाही.

पाणी उकळल्यावर किटलीत बसणारा पांढरा थरही याच हिशेबातला. उकळताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते कॅल्शियमबरोबर खाली बसतं. व्हिनेगर किंवा लिंबू टाकलं की आम्लाने ते पुन्हा विरघळतं आणि बुडबुडे येतात. तीच अभिक्रिया, फक्त उलट दिशेने.

तुरटी : आजीचा उपाय, इंजिनियरचं गणित

पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि दिवसभर तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मारून टाकतं, शिवाय त्याच्या हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात आणि खाली बसताना माती ओढून नेतात. शेवग्याच्या बियांची पूडही पाणी निवळते, कारण त्यांतलं प्रथिन धन भाराचं असतं.

पण तुरटी क्षारता खाते. शुद्धीकरण केंद्रात वापरतात ते ॲल्युमिनियम सल्फेट दर मिलिग्रॅममागे साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता संपवतं. पाण्याची क्षारता ५० असेल आणि ४० मिलिग्रॅम तुरटी टाकली, तर २० खर्च होऊन ३० उरते. काही बिघडत नाही. आता पूर आला आहे. पावसाच्या पाण्याने नदी पातळ झाली, क्षारता १५ वर आली. त्याच वेळी पाणी गढूळ, म्हणून तुरटी जास्त हवी. आता शिल्लक संपते, पीएच धाडकन खाली येतो आणि पुंजकेही नीट बनत नाहीत. तुरटीची सर्वात जास्त गरज असते तेव्हाच शिल्लक सर्वात कमी असते. म्हणून पावसाळ्यात केंद्रात तुरटीबरोबर चुनाही टाकावा लागतो. आजीच्या हंड्यात आणि इंजिनियरच्या टाकीत फरक आहे तो या हिशेबाचा.

क्लोरिन आणि न्यू जर्सीचा मान

एक गोष्ट आपल्याला अभिमानाने सांगता येईल. अमेरिकेत एखाद्या शहराच्या पाण्यात मोठ्या प्रमाणावर आणि सतत क्लोरिन घालायची सुरुवात न्यू जर्सीत झाली. २६ सप्टेंबर १९०८ रोजी बून्टन जलाशयावर जर्सी सिटीसाठी हे सुरू झालं. डॉ. जॉन लील यांनी ते ठरवलं आणि जॉर्ज फुलर यांनी यंत्रणा उभारली. पाण्यात 'विष' घालताय म्हणून त्या काळी कोर्टात जाब द्यावा लागला, पण शेवटी न्यायालयाने ही पद्धत मान्य केली. तेव्हा वापरली ती ब्लीचिंग पावडर. आपल्या ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो ती 'टीसीएल पावडर' म्हणजे हीच जात.

क्लोरिन पाण्यात गेला की त्याची दोन रूपं होतात, हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट. जंतू मारायला पहिलं रूप कितीतरी जास्त तेज. पीएच ७.५ ला दोन्ही निम्मी निम्मी असतात. ६.५ ला सुमारे ९० टक्के तेज रूप, ८.५ ला जेमतेम १० टक्के. म्हणजे क्लोरिन तेवढाच टाकला तरी काम किती होणार हे पीएच ठरवतो.

दुसरी बाजूही आहे. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पानांचा अंश असतो. क्लोरिन त्याच्याशी जुळून ट्रायहॅलोमिथेन आणि हॅलोअॅसेटिक आम्लं तयार करतो. हे पदार्थ वर्षानुवर्षं पोटात गेले तर कर्करोगाचा धोका वाढू शकतो, म्हणून त्यांना अनुक्रमे ८० आणि ६० पीपीबीची वार्षिक सरासरी मर्यादा आहे. यावर एक उपाय म्हणजे क्लोरिनमध्ये अमोनिया मिसळून क्लोरामाइन करणं. ते जंतू मारायला मंद, पण पाइपात दूरवर टिकतं आणि हे उपपदार्थ कमी बनवतं. आपल्या रॅरिटन भागात कंपनी बहुतेक वर्षभर क्लोरामाइन वापरते आणि पाइप स्वच्छ ठेवण्यासाठी वर्षातून काही आठवडे साध्या क्लोरिनवर येते. हिवाळा संपता संपता पाण्याला अचानक स्विमिंग पूलचा वास यायला लागला, तर बहुधा कारण हेच.

घरी मासे पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की साधा क्लोरिन पाणी रात्रभर उघडं ठेवलं की बराच उडून जातो, क्लोरामाइन तसा जात नाही. त्याला दुकानात मिळणारं औषधच घालावं लागतं.

नेवार्कने शिकवलेला धडा

आता या सगळ्या तत्त्वांची गाठ जिथे पडली ती गोष्ट. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावरची.

जुन्या शहरांत रस्त्यातल्या मुख्य पाइपापासून घरापर्यंत शिशाचे पाइप आहेत. शिसं मुलांच्या मेंदूला घातक आहे आणि त्याची सुरक्षित पातळी कोणतीही नाही. तरी वर्षानुवर्षं असे पाइप चालले, कारण त्यांच्या आतल्या बाजूला रसायनांचा एक पातळ थर बसतो आणि तो शिशाला पाण्यापासून दूर ठेवतो. पितळी पातेल्याला कल्हई असते तसंच समजा. कल्हई उडाली की आंबट आमटी कळकते हे आपल्याला माहीत आहे. पाइपाची कल्हई पाणी बदललं की उडते.

नेवार्कच्या काही भागाला पेक्वानॉक खोऱ्यातलं पाणी मिळतं. तिथे १९९० च्या दशकापासून गंज रोखायला सोडियम सिलिकेट घालत. पुढे क्लोरिनचे उपपदार्थ आटोक्यात ठेवायच्या प्रयत्नात २०१२ नंतर पाण्याचा पीएच कमी होत गेला. पीएच कमी केला की ट्रायहॅलोमिथेन कमी बनतात, हे बरोबर आहे. पण त्याच खालच्या पीएचला सिलिकेटचं संरक्षण निकामी झालं आणि शिसं विरघळू लागलं. २०१७ मध्ये शिशाने १५ पीपीबीची कृतिमर्यादा ओलांडली. २०१९ च्या मे महिन्यात सिलिकेटऐवजी ऑर्थोफॉस्फेट घालायला सुरुवात झाली. ते शिशाबरोबर अगदी न विरघळणारा थर बनवतं. पण तो थर बसायला महिने लागतात. त्या ऑगस्टमध्ये शहराला लोकांना बाटलीबंद पाणी वाटावं लागलं. मग नेवार्कने तीन वर्षांच्या आत २३ हजारांवर शिशाचे पाइप बदलले, घरमालकांकडून पैसे न घेता. २०२१ मध्ये न्यू जर्सीने कायदा करून राज्यातले सगळे असे पाइप दहा वर्षांत बदलायचं बंधन घातलं.

वॉशिंग्टन शहरातही असंच झालं होतं. तिथे २००० साली उपपदार्थ कमी करण्यासाठी क्लोरिनऐवजी क्लोरामाइन आलं. जोरदार क्लोरिनमुळे पाइपात शिशाच्या डायऑक्साइडचा जो घट्ट थर टिकून होता, तो मंद क्लोरामाइनमध्ये टिकला नाही आणि घराघरांत शिसं वाढलं. मिशिगनमधल्या फ्लिंटमध्ये एप्रिल २०१४ ला डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं घेतलं. त्यात क्लोराइड जास्त आणि गंजरोधक काही घातलंच नाही. पाणी इतकं गंजकं होतं की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांच्या कारखान्यात ते वापरायचं थांबवलं. माणसं मात्र आणखी वर्षभर तेच पीत होती.

फ्लिंटमध्ये पैसे वाचवण्याच्या नादात निष्काळजीपणा झाला. नेवार्क आणि वॉशिंग्टनमध्ये हेतू चांगला होता. एका नियमाचं पालन करताना दुसरी बाजू सुटली. विद्यार्थी मित्रांनो, पीएच, क्षारता, क्लोरिन, गंज हे धडे पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असतात, पाइपात मात्र सगळे एकत्रच वाहतात. एक खुंटी फिरवली की बाकीच्या सैल होतात. परीक्षेतल्या गणिताच्या शेवटी 'मग बाकी कशावर परिणाम होईल?' हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्या. तुमच्या नोकरीत कदाचित तोच प्रश्न सर्वात मोलाचा ठरेल.

उकळलं की झालं?

आपल्या घरांतली एक समजूत इथे तपासून बघू. पाणी उकळून प्यायलं की चिंता नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. जंतूंच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं. १९९९ मध्ये फ्लॉइड वादळाच्या पुरात ब्रिजवॉटरचं केंद्रच पाण्याखाली गेलं, तेव्हा लोकांना पाणी उकळूनच प्यायला सांगितलं होतं. पण शिसं, आर्सेनिक, नायट्रेट, फ्लोराइड हे उडून जाणारे पदार्थ नाहीत. उकळल्यावर पाणी आटतं आणि ते मागे राहतात, म्हणजे प्रमाण थोडं वाढतंच. बाळाच्या दुधासाठी पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळणाऱ्या आजीला हे प्रेमाने समजावून सांगायला हवं.

ज्यांच्याकडे खासगी विहीर आहे, त्यांच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचं. कंपनीचं पाणी सतत तपासलं जातं, विहिरीचं पाणी घरमालकाने स्वतः तपासून घ्यायचं असतं. न्यू जर्सीत २००१ चा कायदा सप्टेंबर २००२ पासून लागू झाला. त्यानुसार घर विकताना विहिरीचं पाणी तपासावंच लागतं आणि भाड्याच्या घरात दर पाच वर्षांनी. पण दोन खरेदींच्या मधल्या वीस वर्षांत कोणी विचारत नाही. आपल्या पश्चिमेला आणि उत्तरेला, होपवेलपासून हंटरडन काउंटीपर्यंतच्या खडकांत नैसर्गिक आर्सेनिक आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणूनच राज्याने २००६ पासून ५ पीपीबीची मर्यादा घातली. देशाची मर्यादा १० आहे.

आपल्याकडे याची बहीण म्हणजे फ्लोराइड. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडं आखडतात. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने १९७० च्या दशकात त्यावर 'नालगोंडा पद्धत' काढली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचं, निवळू द्यायचं आणि गाळायचं. तुरटीच्या पुंजक्यांबरोबर फ्लोराइडही खाली बसतं. वर तुरटीचं गणित वाचलंत ना? चुना कशाला, हे आता सांगायला नको.

अलीकडे अहवालात 'पीफास' हा नवा गट दिसतो. नॉनस्टिक आणि अग्निशामक फेसामधली ही रसायनं निसर्गात मोडतच नाहीत. न्यू जर्सीने २०१८ मध्ये त्यांतल्या एकावर देशातली पहिली मर्यादा घातली. २०२० मध्ये पीएफओए १४ आणि पीएफओएस १३ पीपीटी ठरवलं. केंद्र सरकारने २०२४ मध्ये या दोघांसाठी ४ पीपीटी ही मर्यादा जाहीर केली. यांवरही उकळण्याचा उपयोग नाही. सक्रिय कोळशाचा चांगला फिल्टर किंवा आरओ लागतो.

घरी करता येण्यासारखं

१. सकाळी किंवा सुट्टीवरून आल्यावर गार पाण्याचा नळ काही मिनिटं सोडा आणि मगच प्यायला भरा. ते पाणी झाडांना घाला.

२. चहा, डाळ, बाळाचं दूध यासाठी गरम नळाचं पाणी घेऊ नका. गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं. गार भरून गरम करा.

३. घर १९८६ च्या आधीचं असेल, तर तांब्याच्या पाइपांच्या जोडांत शिशाचा डाख असू शकतो. २०१४ पूर्वीच्या पितळी नळांतही थोडं शिसं चालत असे. घरात लहान मूल असेल तर एकदा पाणी तपासून घ्या.

४. फिल्टर घेताना 'एनएसएफ ५३' हे प्रमाणपत्र आणि त्यावर शिशाचा स्पष्ट उल्लेख आहे का ते बघा. आणि कार्ट्रिज वेळेवर बदला. दोन वर्षं जुना फिल्टर ही नुसती शोभा.

५. खासगी विहीर असेल, तर विक्रीची वाट न बघता राज्याने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाणी द्या. आर्सेनिक, नायट्रेट, शिसं आणि जंतू एवढं तरी तपासाच.

आणि विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ. कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या भागाचा या वर्षीचा अहवाल उतरवून घ्या. जडपणाचे आकडे ग्रेनमध्ये आणा. पीएचवरून तेज क्लोरिनची टक्केवारी काढा. ट्रायहॅलोमिथेनचा आकडा ८० च्या किती जवळ आहे ते बघा, शिशाच्या रकान्यात किती घरं तपासली ते मोजा. मग आई-बाबांना जेवताना दहा मिनिटांत समजावून सांगा. त्यांना कळलं तर तुम्हाला विषय आला असं समजा.

लेखाबद्दल काही शंका असतील किंवा आपल्या अहवालातला एखादा आकडा कळत नसेल, तर मंडळाकडे जरूर कळवा. पुढच्या अंकात उत्तरं देऊ.